उदाहरणातलं कोठार

वहिनी कोणतंही वाक्य चालवून बघितल्याशिवाय लिहीत नाहीत. ‘चालवून बघणं’ हा त्यांचाच शब्द. घरी स्वयंपाकघरात, फ्रिजच्या वर, एक जुना कॉम्प्युटर ठेवलेला आहे. त्याला पडदा नाही, एका बाजूचं झाकण नाही, आणि पंखा असा घरघरतो की नवीन आलेल्या माणसाला वाटतं फ्रिजच बिघडलाय. त्या मशीनवर वहिनी आपली वाक्यं एकेक करून चालवतात. ‘हे सेटिंग बंद केलं तर बाहेरच्या माणसाला फाइल दिसणार नाही’ असं लिहिलं असेल, तर त्या खरंच ते बंद करतात आणि स्वतः बाहेरच्या माणसाच्या नावाने आत शिरून फाइल शोधतात. दिसली नाही, तर वाक्य राहतं. दिसली, तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात कोणाची तरी खैर नसते.

आम्ही दोघं एकाच कंपनीत आहोत. कंपनी फाइल सर्व्हरचं सॉफ्टवेअर बनवते. एखाद्या ऑफिसातली सगळी माणसं आपापल्या कॉम्प्युटरवर बसलेली असतात, पण फाइली एका जागी ठेवायच्या असतात. कोणाला काय दिसावं, कोण काय बदलू शकेल, कोण काय पुसू शकेल, हे ठरवायचं असतं. ते काम आमचं सॉफ्टवेअर करतं. हे ठरवायचं कुठे, तर सेटिंगच्या एका साध्या फाइलमध्ये, ओळीखाली ओळ लिहून. अशी शेकडो सेटिंग आहेत आणि प्रत्येकाचं एक पान आहे. आधी ते काय करतं, मग काहीच लिहिलं नाही तर काय होतं, मग एक उदाहरण, आणि गरज असेल तर शेवटी सावधगिरीची सूचना. ही सगळी पानं वहिनी सांभाळतात. त्याआधी त्या मिक्सरच्या कारखान्यात, खोक्यात घालायची माहितीपत्रकं लिहायच्या. दादा म्हणतो, ‘आमच्या लग्नाच्या आधी हिने मलाही उलटा करून खालचा छापील मजकूर वाचला होता.’

मी दादाचा धाकटा भाऊ. कंपनीत आधी त्या लागल्या, मग मी. फोनवर ग्राहकांच्या अडचणी सोडवायचं काम माझ्याकडे. पहिल्याच दिवशी मी सगळ्यांसमोर सवयीने ‘वहिनी’ अशी हाक मारली आणि त्यांचं खरं नाव तिथेच संपलं. आता साहेबसुद्धा, जे वयाने त्यांच्या वडिलांएवढे आहेत, त्यांना वहिनी म्हणतात. त्या मला भाऊजी म्हणतात, म्हणून मी अख्ख्या ऑफिसचा भाऊजी. कुरिअरवाला खालच्या टायरच्या दुकानातून ‘भाऊजींचं पार्सल’ असं ओरडतो आणि मी निमूटपणे खाली जाऊन सही करतो.

वहिनींचा आणखी एक नियम होता. होता म्हणतो, कारण आता तो नाही, आणि ही गोष्ट त्याचीच आहे. पानांमधल्या सगळ्या उदाहरणांत फोल्डरचं नाव एकच असायचं: कोठार. फाइली वाटून घ्यायच्या तर कोठार, कुलूपबंद करायच्या तर कोठार, छापायला पाठवायच्या तर कोठार. मी एकदा विचारलं होतं, "वहिनी, कंटाळा नाही येत? कधी तरी दुसरं नाव घ्या."

"वाचणारा आधीच घाबरलेला असतो, भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्याला दर पानावर नवीन माणूस कशाला भेटवायचा? ओळखीचं कोणी तरी असू दे."

मला ते पटलं होतं. सगळ्यांनाच पटलं होतं.

यंदाच्या नव्या आवृत्तीत साफसफाई नावाचं एक सेटिंग आलं. ते लिहिणारा आमचा मुख्य प्रोग्रामर. त्याला ऑफिसात रॉकेट म्हणतात, कारण तो जिना चढत नाही, सुटतो. सेटिंग साधं होतं. ज्या फाइलींना बरेच दिवस कोणी हात लावला नाही त्या सर्व्हरने आपणहून पुसायच्या, रोज ठरलेल्या वेळी, सगळ्यांत जुनीपासून सुरुवात करून. पुसायच्या म्हणजे कायमच्या. जागा मोकळी व्हायला हवी असते, म्हणून कचरापेटीत वगैरे काही ठेवायचं नाही. वहिनींनी पान लिहिलं. उदाहरण असं होतं:

[कोठार]
साफसफाई = हो
हात न लावलेले दिवस = ३६५
वेळ = संध्याकाळी ६

त्याखाली त्यांनी जाड अक्षरांत सूचना दिली होती, की आधी कोणकोणत्या फाइली जातील त्याची यादी काढून बघा. फ्रिजवरच्या मशीनवर हे सगळं चालवून बघितलं होतं. त्या मशीनवर कोठार नावाचं फोल्डर पहिल्यापासून होतंच, वहिनींच्या चाचणीच्या रद्दी फाइलींनी भरलेलं. सहा वाजता ते रिकामं झालं आणि वहिनी खूश झाल्या. मी तेव्हा तिथेच जेवत होतो. "बघा, एकदम स्वच्छ," असं म्हणून त्यांनी मला आणखी एक पोळी वाढली.

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारच्या चहाला, मी ग्राहकांच्या मेल उघडल्या. तक्रारी मी आधी उरकतो आणि कौतुकाच्या मेल चहाबरोबर वाचायला ठेवतो. त्यातली एक स्टोअरवाल्या काकांची होती.

हे काका म्हणजे कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका कार्यशाळेचं भांडार सांभाळणारे गृहस्थ. दादाचा डावा पाय गुडघ्याच्या खाली नाही. अपघात जुना, मी तेव्हा शाळेत होतो. त्याचे आतापर्यंतचे सगळे पाय त्याच कार्यशाळेत झाले. तिथे पूर्वी पायाचा प्लास्टरचा साचा घ्यायचे. आता एक यंत्र उरलेल्या पायाभोवती फिरवतात आणि त्याचा आकार कॉम्प्युटरमध्ये फाइल म्हणून उतरतो. पाय काही वर्षांनी झिजतो, मोडतो. मग माणूस परत येतो आणि त्या जुन्या फाइलवरून त्याला सवयीची असलेली तीच बैठक पुन्हा कोरतात. म्हणून त्यांच्याकडे, ज्या फाइलला वर्षानुवर्षं कोणी हात लावत नाही, तीच एक दिवस नेमकी लागते. फाइली वाढल्या तेव्हा वहिनींनीच काकांना आमचं सॉफ्टवेअर सुचवलं. काकांनी कॉम्प्युटरचा कोणताही वर्ग केलेला नाही. वहिनींची पानं वाचून एकट्याने सर्व्हर उभा केला आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान होता.

मेलमध्ये लिहिलं होतं: ‘वहिनींना नमस्कार. आमची डिस्क भरत आली होती, जागेसाठी जुना बॅकअपही पुसावा लागला होता. साफसफाईचं तुमचं पान वाचलं. उदाहरण जसंच्या तसं उचलून फाइलीच्या शेवटी चिकटवलं. नावसुद्धा बदलावं लागलं नाही. आज संध्याकाळपासून सुरू होईल. फार सोपं करून लिहिता.’

मी हसत हसत तो मजकूर समोर बसलेल्या वहिनींना वाचून दाखवला. 

"ते शेवटचं परत वाचा," वहिनी म्हणाल्या.

"फार सोपं करून..."

"त्याच्या आधीचं."

"नावसुद्धा बदलावं लागलं नाही."

वहिनींनी चहाचा कप टेबलावर ठेवला. तो त्यांनी इतका हळू ठेवला की मी मान वर करून बघितलं. "का नाही लागलं?" त्या म्हणाल्या, मला नव्हे, स्वतःला. मग मला म्हणाल्या, "भाऊजी, पहिल्या दिवशी त्यांनी फोल्डर कसं बनवलं असेल? माझं पहिलं पान उघडून. आणि त्या पानावर नाव काय आहे?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काकांनी पहिल्या दिवशीही उदाहरण जसंच्या तसं उचललं होतं. त्यांच्या सर्व्हरवर, जिथे आमच्या शहरातल्या आणि आसपासच्या सगळ्या माणसांच्या पायांचे आकार होते, त्या फोल्डरचं नाव खरोखरच कोठार होतं. आमच्या सर्व्हरला सेटिंगच्या फाइलमध्ये एकाच नावाचे दोन भाग दिसले तर तो त्यांना एकच मानतो. हेही वहिनींनीच एका पानावर लिहिलेलं आहे. नाव वेगळं असतं तर सर्व्हरने ‘असं फोल्डर नाही’ म्हणून कुरकुर केली असती आणि काका थांबून विचार करायला लागले असते. इथे कुरकुर करायला जागाच नव्हती. सगळं जुळत होतं.

"पण खाली सूचना आहे ना," रॉकेट आपल्या खुर्चीतून म्हणाला. "आधी यादी काढा म्हणून. जाड अक्षरांत आहे."

"उदाहरणाच्या खाली आहे," वहिनी म्हणाल्या.

"मग?"

"मग काय. तू कधी उदाहरणाच्या खाली वाचलंयस?"

रॉकेट ते पान उघडून खाली सरकवायला लागला.

साडेचार वाजून गेले होते. मी काकांचा फोन लावला. बंद. कार्यशाळेचा लावला, तो वाजत राहिला. स्वागतकक्षातली बाई चारला घरी जाते हे मला दादामुळे माहीत होतं. आत कापायची आणि घासायची यंत्रं चालू असतात, तिथे फोनची घंटा कोणाच्या कानावर जाणार. बाहेरून त्यांच्या सर्व्हरमध्ये शिरायची सोय नव्हती, कारण सुरक्षेच्या पानावर ‘ती सोय बंदच ठेवा’ असा सल्ला दिलेला आहे. तो कोणी दिलाय ते सांगायला नको.

"स्कूटर काढा," वहिनी म्हणाल्या.

कार्यशाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला. एरवी पाऊण तासाचा रस्ता, पण पुलाचं काम चाललंय म्हणून अर्धा रस्ता पत्रे लावून बंद. निम्म्या वाटेतच आम्ही एका सिमेंटच्या ट्रकमागे अडकलो आणि हलेनासे झालो. वहिनी मागे बसून काकांचा फोन पुन्हा पुन्हा लावत होत्या. दर वेळी रेकॉर्ड केलेली तीच बाई फोन बंद असल्याचं सांगत होती.

"दादाला लावू या का?" मी म्हणालो. दादा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो, आणि ते दुकान कार्यशाळेपासून दोन गल्ल्यांवर आहे.

वहिनींनी दादाचा नंबर काढला, पण लावला नाही. मला कारण ठाऊक होतं. दादाच्या पायाला घोट्यापाशी तडा गेला होता. पुढच्या महिन्यात नवीन करायचा होता. तोवर फार चालू नकोस असं त्याला बजावलेलं होतं, आणि बजावणाऱ्या वहिनीच होत्या. आणि तो नवीन पाय ज्या फाइलवरून व्हायचा होता ती त्या कोठारातच होती, बरीच जुनी, म्हणजे पुसण्याच्या रांगेत बरीच पुढे.

त्यांनी फोन लावला. "अहो, ऐका. मध्ये बोलू नका."

दादा, मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा मध्ये काही बोलला नाही. सगळं ऐकून त्याने एवढंच विचारलं, "कार्यशाळेत पोचून करायचं काय?"

"सर्व्हर बंद करायचा."

"चालत जातो," दादा म्हणाला. "पळता येत नाही हे तुला माहीतच आहे."

ट्रक हलला. आम्ही थोडं पुढे जाऊन पुन्हा अडकलो. मला मागचं काही दिसत नव्हतं, पण वहिनींनी माझ्या शर्टाची पाठ मुठीत धरली होती आणि ती मूठ घट्ट होत चाललेली मला जाणवत होती. स्कूटरवर त्या कधी मला धरत नाहीत. मागची दांडी धरतात.

दादाचा फोन आला तेव्हा सहाला थोडाच वेळ होता. मी स्कूटर कडेला, एका बंद दुकानाच्या पायरीपाशी घेतली. वहिनींनी फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"काका नाहीत," दादा म्हणाला. त्याला धाप लागली होती. "हॉस्पिटलला पाय पोचवायला गेलेत. फोन इथेच टेबलाच्या खणात पडलाय, बंद होऊन. आणि स्टोअरच्या खोलीला कुलूप आहे. किल्ली त्यांच्या खिशात."

"बाहेरून वीज बंद करता येते का?"

"बोर्ड इथे बाहेरच आहे. करू?"

"नाही... थांबा. करा, पण उपयोग नाही. आत यूपीएस आहे. वीज गेली तरी सर्व्हर अर्धा तास चालतो." मग त्या हळूच म्हणाल्या, "ते पण मीच सांगितलं होतं घ्यायला."

दादा दुसऱ्या कोणाशी तरी बोलत असल्याचा आवाज आला. कार्यशाळेच्या मुख्य कारागीर बाई होत्या. त्यांना तिथे सगळे मॅडम म्हणतात, आणि त्या कोणाला भीत नाहीत.

"कुलूप तोडायचं?" मॅडम म्हणत होत्या. "कोणाच्या सांगण्यावरून?"

"माझ्या बायकोच्या," दादा म्हणाला.

"आणि तोडून काही निघालं नाही तर?"

"तर कुलपाचे पैसे माझे, आणि बायको तुमची."

एरवी मी हसलो असतो. वहिनी फोनच्या जवळ तोंड नेऊन म्हणाल्या, "मॅडम, मी बोलतेय. सहा वाजता तुमच्या जुन्या मापांच्या फाइली पुसल्या जायला लागतील. सगळ्यांत जुन्या आधी. चूक माझी आहे, काकांची नाही. कुलूप तोडा."

 मॅडमनी कोणाला तरी बॅटरीवर चालणारं पाइप कापायचं चक्र आणायला सांगितलं. पायाच्या आतली धातूची नळी ज्याने कापतात, ते. पुढचा आवाज मी अजून विसरलेलो नाही. फोनच्या छोट्याशा स्पीकरमधून ते चक्र असं किंचाळत होतं की रस्त्यावरची दोन माणसं वळून आमच्याकडे बघायला लागली. वहिनी डोळे मिटून उभ्या होत्या. मी घड्याळाकडे बघणं सोडून दिलं, कारण बघून काहीच फरक पडणार नव्हता.

सहा वाजून गेले. चक्र थांबलं. दार उघडल्याचा, काही तरी घरंगळल्याचा आवाज आला.

"आत आलो," दादा म्हणाला. "अंधार आहे, वीज मीच घालवलीय. काही तरी पीं पीं करतंय."

"तो यूपीएस. त्याच्या शेजारी काळं खोकं असेल, समोर छोटे दिवे."

"आहे. एक दिवा भराभर लुकलुकतोय."

वहिनींचा चेहरा मी तेव्हा बघितला. तो दिवा डिस्कचा. भराभर लुकलुकतोय म्हणजे डिस्कवर काम जोरात चाललंय, आणि त्या वेळेला कुठलं काम चाललं असणार हे आम्हां दोघांनाही कळत होतं.

"पुढच्या बाजूला गोल बटण आहे. दाबून धरा. एकदाच दाबून सोडू नका, नाही तर तो सावकाश सगळं आवरून मग बंद होईल. दाबून धरा."

"धरलंय."

"दिवा?"

"चालू आहे."

"सोडू नका."

"सोडत नाहीये गं."

मग फोनवर फक्त यूपीएसची पीं पीं उरली. आणि दादा म्हणाला, "गेला."

वहिनी त्या दुकानाच्या पायरीवर बसल्या. पायरीवर धूळ होती, त्यांनी ती बघितलीही नाही. फोन तसाच चालू होता. पलीकडून दादा विचारत होता, "अगं, आता सोडू का बटण?"

आम्ही पोचलो तेव्हा काकाही नुकतेच परतले होते आणि कापलेलं कुलूप हातात घेऊन उभे होते. कोणी तरी त्यांना सगळं सांगितलं होतं. वहिनींना बघताच ते म्हणाले, "मीच न वाचता..."

"तुम्ही वाचलंत, काका," वहिनी म्हणाल्या. "मी लिहिलं तसंच केलंत तुम्ही."

डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली आणि यादी बघितली. सर्व्हरने जेमतेम सुरुवात केली होती. बाकीची हजारो मापं शाबूत होती. गेली ती सगळ्यांत जुनी, पहिल्या एक-दोन वर्षांतली. त्यांतले बरेच जण नंतर पुन्हा येऊन नव्याने माप देऊन गेले होते, त्यामुळे त्यांचं नुकसान नव्हतं. जे इतक्या वर्षांत पुन्हा माप द्यायला आलेच नव्हते असे थोडे उरले. दादा त्यांतला एक. त्याचा पाय त्याला इतका बेतशीर बसला होता की मधल्या काळात त्याने नवीन माप द्यायला नकारच दिला होता.

"माप गेलं तरी माझा पाय घरीच आहे," तो म्हणाला. मग खाली बघून, "म्हणजे इथेच आहे. पुन्हा माप देईन."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी वहिनींना केबिनमध्ये बोलावलं. काचेचं दार अर्धवट उघडं होतं, त्यामुळे आम्ही सगळे काम करत असल्यासारखं दाखवून ऐकत होतो.

"सूचना लिहिलेली होती ना आपण?" साहेब म्हणाले. "मग आपली जबाबदारी नाही. गाजावाजा कशाला करायचा? ग्राहक घाबरतात."

"साहेब, कोठार नावाचं फोल्डर आणखी कितीजणांकडे असेल?"

साहेब टेबलावरचे कागद सारखे करायला लागले. वहिनी दाराबाहेर बघत म्हणाल्या, "भाऊजी, फोन करायला घ्या."

मी आणि माझ्या शेजारची सहकारी, आम्ही दिवसभर फोन केले. प्रश्न एकच. तुमच्याकडे कोठार नावाचं फोल्डर आहे का? वकील, शाळा, छापखाना, बियाण्यांचं दुकान. मला वाटलं होतं चार-दोन सापडतील. निम्म्याहून जास्त लोकांकडे होतं. एका छापखान्यातल्या बाई तर घाबरून म्हणाल्या, "म्हणजे? दुसरं नाव दिलेलं चालतं का?" साफसफाई चालू केलेला मात्र आणखी कोणी निघाला नाही. शेवटचा फोन ठेवला तेव्हा माझा घसा बसला होता आणि साहेब माझ्या मागे उभे राहून यादी बघत होते. त्यांनी सगळ्या ग्राहकांना जाणाऱ्या पत्रावर सही केली. पत्र वहिनींनी लिहिलं होतं आणि त्यात ‘आमच्या पानातलं उदाहरण चुकीचं होतं’ असं पहिल्याच ओळीत होतं. सूचनेचा उल्लेख त्यात कुठेही नव्हता.

मग त्यांनी रॉकेटला गाठलं. त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. पहिली त्यांच्याच हातात होती. सगळ्या पानांतलं कोठार काढून तिथे ‘इथे_तुमचं_नाव_लिहा’ असं घालायचं, आणि सूचना उदाहरणाच्या वर आणायची. दुसरी रॉकेटच्या हातात होती. कोणी ते नाव तसंच ठेवलं, तर सर्व्हरने सुरूच व्हायचं नाही.

"सुरूच व्हायचं नाही?" रॉकेट म्हणाला. "लोक शिव्या घालतील."

"घालू देत. मला घालतील, तुला नाही. पानावर माझी सही असते."

"हे सर्व्हरचं काम नाही, वहिनी. लोकांनी वाचायला हवं."

"लोक वाचत नाहीत, उचलतात. तूही उचलतोस. काल तू जे पुसायचं बटण लिहिलंस, ते कुठून उचललंस सांगू का?"

रॉकेटने त्याच आठवड्यात ते करून टाकलं. वहिनींनी फ्रिजवरच्या मशीनवर ते चालवून बघितलं, आणि या वेळी मशीन कोरं केलं होतं, त्यावर ओळखीचं काही नव्हतं. सर्व्हर सुरू झाला नाही. त्या खूश झाल्या नाहीत. मान हलवून पुढच्या पानाकडे वळल्या.

पानं बदलायला त्यांना बरेच आठवडे लागले, कारण प्रत्येक पान पुन्हा चालवून बघायचं होतं. तेवढ्या काळात दादाचं नवीन माप झालं, पाय आला, आणि पहिला बरोबर बसला नाही. नडगीच्या टोकाला फोड आला. तो परत केला, दुसरं माप, दुसरा पाय. संध्याकाळी तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून मोजा काढायचा, आणि वहिनी फ्रिजपाशी पाठमोऱ्या उभ्या राहून त्या मशीनला जोडलेल्या लॅपटॉपवर टाइप करायच्या. तो मोजा ओढताना थांबला, की त्यांचीही बोटं थांबायची. तो त्याबद्दल काही बोलायचा नाही. एकदाच म्हणाला, "धाकट्या, विचार तुझ्या वहिनीला, हे माप कोणत्या पानावरचं आहे ते. खालची सूचना वाचायची राहिली वाटतं." वहिनी वळल्या नाहीत, पण त्यांचे खांदे हलले, आणि ते हसण्याने की कशाने, हे मला मागून कळलं नाही.

तिसऱ्या मापाला पाय बसला.

नवीन आवृत्ती काकांकडे पोचली त्या दिवशी त्यांचा मला फोन आला. आवाज वैतागलेला होता. "भाऊजी, नव्या डिस्कवर दुसरं फोल्डर करतोय. सर्व्हर सुरूच होत नाहीये. म्हणतोय नाव बदला."

"मग बदला ना, काका."

"काय देऊ?"

मी फोन वहिनींच्या हातात दिला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला जे बरं वाटेल ते द्या, काका. कोठार सोडून काहीही."

पलीकडे काका विचार करत होते. त्यांच्या मागे घासायच्या यंत्राचा आवाज येत होता.

"सुचत नाहीये हो," ते म्हणाले. "वहिनी, एखादं उदाहरण द्या ना."

वहिनींनी तोंड उघडलं, मिटलं, आणि माझ्याकडे बघितलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी थांबते फोनवर. तुम्ही सुचवा."